पतीचे पूर्ण नाव

सत्तरीत साठीच्या पुढचं प्रत्येक माणूस
एक जानेवारीला जन्मलेलं आहे.
मीच घातलंय त्यांना जन्माला, या कळफलकावर,
कारण तारखेची चौकट रिकामी ठेवली
तर यंत्र पुढचं पान उघडत नाही,
आणि ‘काजू मोहरले होते तेव्हा’
ही तारीख त्याला चालत नाही.

वाळपईच्या या इस्पितळात मी कंत्राटी माणूस.
अकरा महिने, मग एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा.
नाडी मला सापडत नाही. रक्त बघितलं की पोटात ढवळतं.
मी फक्त तळघरातली पिवळी कार्डं वर आणली,
कडेनं वाळवीनं खाल्लेली,
आणि डॉक्टरांच्या अक्षरांतून वाट काढत
एकेक दुखणं आत भरत गेलो.

पहाटे पावणेतीनला वॉर्डातून फोन.
डॉक्टर ग्लेनिस कार्वाल्हो:
“सात नंबर मला दोनदा दिसते. खरी कुठली?”

पडद्यावर दोघी.
जानकी व्ही. गावस. जानकी व्ही. गावस.
गाव ठाणे. गाव ठाणे.
एक जानेवारी छप्पन्न, दोघींची.
एकीला साखर, सकाळ-संध्याकाळ सुई.
दुसरीच्या नोंदीत एक्क्याऐंशी सालची शाई:
बाळंतपणात पेनिसिलिन दिलं, अंग सुजलं, श्वास कोंडला.
खाली यंत्राचा सौम्य प्रश्न:
जुळणी ब्याण्णव टक्के. नोंदी एकत्र कराव्यात का?
‘होय’ हिरवं, मोठं.
‘नाही’ करडं, कोपऱ्यात.

मी वर गेलो.
म्हातारी तापानं फणफणलेली, छातीत घरघर,
रुग्णवाहिकेतून एकटीच आलेली.
सिस्टर प्रेमलता ट्रे घेऊन थांबली होती,
तिच्या चेहऱ्यावर घड्याळ.
“मावशी, घोवाचं नाव काय?”
शुद्ध अर्धीच, डोळे मिटलेले,
तरी तिनं पदर चाचपला, कपाळापर्यंत ओढला.
पन्नास वर्षं न घेतलेलं नाव
ती ताप चढला म्हणून घेणार नव्हती.
सिस्टरनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा विचारलं.

मग कूस वळून, भिंतीलाच सांगितल्यासारखं:
“शिगम्यांत घोडो नाचयताले, ते.”

विठो!
मी सात-आठ वर्षांचा, बापाच्या खांद्यावर,
आणि खाली मांडावर विठो गावस:
कमरेला लाकडी घोडा, डोक्यावर कागदी फुलांचा तुरा,
हातात उघडी तलवार,
ढोल चढला की कळायचं नाही
कोण कुणावर बसलंय.

जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो.
नाही. करडी चौकट, कोपऱ्यातली.
विठोची जानकी उघडून दिली
आणि वर वॉर्डातल्या पडद्यावर तांबडी पट्टी उतरली.
डॉक्टरांनी लिहिलेलं औषध खोडलं, दुसरं लिहिलं.
एवढंच.
पुढे काहीसुद्धा घडलं नाही,
आणि महिन्याच्या अहवालात त्याला रकाना नाही.

शेऱ्याच्या जागेत मी टाकलं:
नवरा घोडेमोडणीत नाचायचा.
दहा दिवसांनी पणजीहून कुणीतरी फोन करून विचारलं,
हा कसला आजार?

मंगळवारी पहिल्या बसनं दुसरी जानकी आली,
साखर तपासायला, पिशवीत चार बोंडू, माझ्यासाठी.
मी तोच प्रश्न विचारला.
ती हसली, तोंडावर पदर,
खिडकीबाहेर बोट:
“थंय दुकानार बरयलां मरे. वाच.”

उठून वाचलं. बाजाराच्या तोंडाशी, निळ्या पत्र्यावर,
रंग उडालेल्या अक्षरांत:
व्ही. गावस आणि मुलगे.

पडद्यावर चौकट लुकलुकत होती.
रांगेतल्या सगळ्यांना थांबा म्हटलं,
चपला सरकवल्या
आणि रस्ता ओलांडला.